वर्म्सचे रब्बी एलआझार

ऱ्हाइन नदीकाठची श्पायर, वर्म्स आणि माइन्झ ही शहरे मध्ययुगात यहुदी विद्येची माहेरघरे होती. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रब्बी एलआझार बेन येहूदा यांचा जन्म माइन्झमध्ये झाला. आयुष्य मात्र बहुतेक वर्म्समध्ये गेले. त्यांच्या कालोनिमस घराण्यात प्रार्थनांचे गूढ अर्थ पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच शिकवले जात. वडिलांनंतर त्यांना गुरू लाभले ते याच घराण्यातले येहूदा हे-हासिद.

एलआझार यांचा संसार चालवला तो पत्नी डोल्चे यांनी. त्या इतरांचे पैसे व्याजाने लावत आणि त्या मिळकतीवर कुटुंब नि विद्यार्थी पोसत. नोव्हेंबर ११९६ मध्ये दोन सशस्त्र माणसे घरात घुसली. डोल्चे, तेरा वर्षांची बेलेट आणि सहा वर्षांची हाना मारल्या गेल्या. एलआझार यांनी त्यांच्यावर रचलेल्या शोकगीतात डोल्चेंनी शिवलेल्या तोरा या धर्मग्रंथाच्या चाळीसएक गुंडाळ्या आहेत, सिनेगॉगसाठी केलेल्या मेणबत्त्या आहेत, बायकांना शिकवलेल्या प्रार्थना आहेत. मुलींचे गाणे आणि सूतकताईही त्यात येते. त्या काळच्या यहुदी स्त्रियांविषयी इतका तपशील क्वचितच सापडतो. एलआझार यांचे एवढे एकच लिखाण उरले असते, तरी इतिहासकारांनी त्यांचे ऋण मानले असते.

१२१७ मध्ये येहूदा हे-हासिद वारले. परंपरा सोपवावी असा वारस एलआझार यांना उरला नव्हता, म्हणून आजवर तोंडी राहिलेले ज्ञान त्यांनी कागदावर उतरवले. ‘सोदे रझय्या’त विश्वनिर्मिती, देवदूत, ईश्वरी तेज आणि आत्मा यांचे विवेचन आहे. प्रार्थनांवरील भाष्यात ते शब्द नि अक्षरे मोजतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य असते, त्यामुळे एक शब्द वाढला तरी सारा हिशेब बिघडतो. प्रार्थनेत फेरफार करणाऱ्यांशी येहूदा आणि एलआझार यांच्या भक्तिपंथाचा वाद होता तो यासाठीच. मातीचा पुतळा, म्हणजे गोलेम, अक्षरांच्या जोरावर सजीव करण्याचा विधीही ‘सेफेर येत्सिरा’ या गूढ ग्रंथावरील त्यांच्या भाष्यात आहे.

‘सेफेर हा-रोकेआह’ हा मात्र रोजच्या आचाराचा ग्रंथ. रोकेआह आणि एलआझार या दोन्ही नावांच्या अक्षरांची बेरीज ३०८ येते. कायद्याच्या या पुस्तकाची सुरुवात त्यांनी भक्ती, नम्रता आणि प्रायश्चित्त या विषयांनी केली. हा क्रम त्यांचा स्वभाव सांगतो. १२२३ मध्ये माइन्झला भरलेल्या रब्बींच्या परिषदेतही ते होते.

हा आचारग्रंथ १५०५ मध्ये इटलीतील फानो येथे छापला गेला. गूढ लेखन बरेचसे शतकानुशतके हस्तलिखितांतच राहिले.