वॅटांचा ताळेबंद

मोटार घेतल्यावर माणसाला पहिल्या महिन्यात पेट्रोलची काळजी असते, दुसऱ्या महिन्यात ओरखड्यांची, आणि तिसऱ्या महिन्यात त्याला शोध लागतो की कंपनीने बसवून दिलेला टेप अगदीच मुळमुळीत आहे. कॅसेट गेली, सीडी गेली, ब्लूटूथ आला. पण आमच्या नेसरीत टेप तो टेपच. मग स्वारी गडहिंग्लजला, नाहीतर थेट कोल्हापूरला जाते आणि डिकीतली पोती ठेवायची जागा बेस ट्यूबला देऊन येते.

माझं भांडण गाण्याशी नाही, वॅटांशी आहे.

नव्या टेपच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं : '५० वॅट गुणिले ४'. म्हणजे २००. आता त्याच टेपची पाठ बघा. तिथे फ्यूज असतो, पुष्कळदा १० अँपिअरचा. इंजिन चालू असताना वायरीत साधारण १४ व्होल्ट. चौदा दाहे एकशेचाळीस. आत येणार १४० आणि बाहेर जाणार २००? असलं व्हाउचर आमच्या बँकेत कुणी पुढं केलं, तर हेडकॅशियर चष्मा काढून त्या माणसाकडे बघतील. सतत निघणारी खरी ताकद, जिला आरएमएस म्हणतात, ती अशा टेपातून एका स्पीकरला १५-२० वॅटच्या आसपास मिळते. ५० हा क्षणभराचा आकडा. वरातीत म्हातारे काका एकदा उडी मारतात, म्हणून काका रोज तेवढे उडतात असं कुणी सांगत नाही.

वेगळा अँप्लिफायर बसवला, बॅटरीपासून जाड वायर ओढली, तर वॅट खरोखर वाढतात, हे मान्य. पण वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट लागतात. आमच्याकडे ठेव दुप्पट व्हायला वर्षं जातात, पण झाली की ती दुप्पट असते तरी!

पुष्कळदा खरा दोषी असतो दरवाजा. पातळ पत्रा, आत पोकळी, ठिकठिकाणी भोकं. स्पीकरबरोबर दारच गायला लागतं. भोकं बुजवून आतून डांबरी किंवा ब्यूटाइलचा थर चिकटवला, तर कंपनीचाच स्पीकर माणसात येतो. पण तो थर शेजाऱ्याला दिसत नाही ना! दुकानदार तरी काय म्हणणार? "काच कशी हलतीया बघा, साहेब!" काच हलली की पैसे वसूल.

कानाचं कोण बघतो? अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने कामगारांसाठी हिशेब घालून दिलाय : ८५ डेसिबलला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं. म्हणजे नेसरीहून निघालेल्याचा दिवसाचा कोटा गडहिंग्लज यायच्या आत खलास.

आणि हा दणका कुठं ऐकावा लागतो? नेसरीच्या खिंडीत. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि सहा साथीदार जिथे पडले, तिथे लोक स्मारकापुढं हात जोडून उभे असतात. परवा एक मोटार आली. गाणं तिथलंच, त्या सातांवरचं. कुसुमाग्रजांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा गळा. पण बेस इतका चढवलेला, की घोडे तेवढे ऐकू येत होते, स्वार एकही नाही. मी लांबून हात खालीवर करून 'कमी करा, कमी करा' अशी खूण केली. त्याला वाटलं, साहेबांनी ताल धरला. त्यानं आणखी वाढवला.