ओलीस, वाटाघाटी आणि आपण

अलीकडे व्यवस्थापनाच्या वर्गांतून एक नवी विद्या मोठ्या कौतुकाने शिकविली जाते. माणसांना ओलीस धरून बसलेल्या बंदूकधाऱ्याशी पोलीस ज्या पद्धतीने बोलतात, त्याच पद्धतीने गिऱ्हाइकाशी, मालकाशी, एवढेच नव्हे तर घरच्या माणसांशीही बोलावे, म्हणजे आपले काम होते, असे ही विद्या सांगते. अमेरिकेच्या एफ.बी.आय.मध्ये ओलिसांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करणारे ख्रिस व्हॉस यांनी २०१६ साली यावर एक पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ते वाचतात. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तिकडे पाठ फिरवू नये असे मला वाटते. कारण हा विषय पैशाचा नसून माणसाच्या मनाचा आहे. मात्र ही विद्या घ्यायची तर पुरती घ्यावी. अर्धी घेतली तर ती घातक ठरेल.

या विद्येचा जन्म एका भीषण अपयशातून झाला. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्युनिकच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अतिरेक्यांनी इस्रायली पथकातील लोकांना ओलीस धरले. सुटकेचा प्रयत्न फसला आणि ११ इस्रायली खेळाडू व मार्गदर्शक प्राणास मुकले. ही घटना पाहून न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने वेगळी वाट शोधली. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले पोलीस अधिकारी हार्वे श्लॉसबर्ग आणि त्यांचे सहकारी फ्रँक बोल्झ यांनी बोलण्याची एक पद्धत बसविली. तिची सूत्रे साधी होती. घाई करू नका, कारण वेळ जाईल तसा माणसाचा संताप ओसरतो. समोरच्याचे बोलणे तोडू नका. आणि जो बोलतो त्याने अंतिम निर्णय घ्यायचा नाही, ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने बोलायचे नाही. म्हणजे प्रत्येक मागणीवर ‘विचारून सांगतो’ असे म्हणायला जागा राहते.

पुढे या पद्धतीत बारकावे आले. समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द प्रश्नासारखे उच्चारावेत, म्हणजे तो आणखी बोलतो. त्याच्या मनात काय चालले आहे ते त्याला बोलून दाखवावे. ‘का’ विचारण्याऐवजी ‘कसे’ विचारावे, कारण ‘का’ म्हटले की माणसाला जाब विचारल्यासारखे वाटते. यातले बरेचसे आपल्या आजीला ठाऊक होते. गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्याकडून हुंकार मागतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. आपण पुणेकर मात्र हुंकार देण्यात कच्चे आणि ‘अहो, पण’ म्हणण्यात पक्के. दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी आपले उत्तर तयार असते, आणि त्यालाच आपण हजरजबाबीपणा समजतो.

परंतु हे झाले तंत्र. या विद्येचा गाभा निराळाच आहे. बंदूकधाऱ्याने ‘बरे, सोडतो’ असे नुसते म्हणून भागत नाही. त्याने खरोखरच दार उघडावे लागते. म्हणून कसलेला वाटाघाटी करणारा घाईच्या ‘हो’ला भुलत नाही. ‘हो’ म्हणजे नेमके काय, ते कसे घडणार, हे तो विचारतो. समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक देतो, कारण ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला किंमत नसते. होकार काढून घेता येत नाही, तो मिळवावा लागतो. या कसोटीवर आपल्याच परिसरात घडलेल्या दोन घटना पाहण्यासारख्या आहेत.

पहिली वडगाव मावळची. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना घेऊन पुण्यावर चालून आलेली इंग्रजांची फौज तळेगावाहून मागे फिरली आणि वडगावला मराठ्यांनी तिला घेरले. कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी तह केला, साष्टी परत देण्याचे कबूल केले आणि फार्मर व स्टुअर्ट हे आपले दोन अधिकारी महादजी शिंद्यांकडे ओलीस ठेवले. त्या काळी ओलीस म्हणजे दिलेल्या वचनाचे तारण. पण फौज घाट उतरली, आणि मुंबईकर इंग्रजांनी व कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनेही तो तह झिडकारला. तारण हाती राहिले, वचन उडून गेले! पुढे १७८० साली गुजरातच्या मोहिमेत महादजींनी त्या दोघांना आपण होऊन गॉडर्डकडे पाठवून दिले आणि बोलणी सुरू केली. पावसाळ्यापर्यंत वेळ काढण्याचा हा डाव आहे, असा गॉडर्डला संशय आला आणि युद्ध चालूच राहिले. अखेर १७८२ साली सालबाईचा तह झाला तो महादजींच्याच मध्यस्थीने. त्यात साष्टी इंग्रजांकडेच राहिली, पण त्यांनी राघोबादादांची बाजू सोडली आणि पुढे सुमारे वीस वर्षे मराठे व इंग्रज यांच्यात युद्ध झाले नाही. वडगावला कागदावर पुष्कळ मिळाले आणि हाती काही उरले नाही; सालबाईला कमी मिळाले, पण ते टिकले.

दुसरी घटना येरवड्याची, आणि ती अधिक अवघड आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरपासून येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले. गांधीजींनी दुसऱ्या कोणाचा नव्हे, स्वतःचाच प्राण पणाला लावला होता, हा भेद विसरता कामा नये. पण समोर बसलेल्या डॉ. आंबेडकरांच्या बाजूने पाहिले तर? एका पारड्यात आपल्या समाजाचा नुकताच मिळालेला हक्क आणि दुसऱ्यात ज्याच्या मृत्यूने देश पेटून उठेल अशा माणसाचा प्राण. त्या पेटलेल्या आगीत आधी कोणाच्या वस्त्या जळल्या असत्या हे सांगायला नको. इतके ओझे घेऊन वाटाघाटीला बसण्याची वेळ फार थोड्यांवर आली असेल.

अशा वेळी बाबासाहेब कसे बोलले हे पाहण्यासारखे आहे. भावनेच्या पुरात त्यांनी घाईने होकार दिला नाही, की उठून गेले नाहीत. ते ‘कसे’ हा प्रश्न धरून बसले. जागा किती, उमेदवार निवडायचे कसे, ही व्यवस्था किती वर्षे चालायची? सप्रू, जयकर, राजाजी मध्यस्थी करीत होते. राखीव जागा केव्हा संपवायच्या यावर बोलणी अडली, तेव्हा तो मुद्दा पुढच्या परस्पर संमतीवर सोपविण्यात आला. २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. पण प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, निवाड्यातील जागांच्या जवळजवळ दुप्पट. वाटाघाटींचे कौशल्य म्हणून याला तोड नाही.

तरीही ती जखम भरली का? १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्यावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी या उपोषणावर कठोर टीका केली. नव्वद वर्षे उलटून गेली तरी पुणे करार म्हटले की दोन्ही बाजूंचा स्वर चढतो. माझ्या मते याचे कारण केवळ कलमांत नाही. ‘नाही’ म्हणण्याची वाट जवळजवळ बंद असताना तो होकार द्यावा लागला, हे त्याचे खरे कारण आहे. हेतू कितीही थोर असो, कोंडीतला होकार मनात सलत राहतो.

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे वळू. तुळशीबागेत आपण भाव करतो, दोन पावले पुढे जातो आणि दुकानदार हाक मारतो. तो दोघांना ठाऊक असलेला खेळ आहे. त्यात कोणी कोणाला कोंडीत धरत नाही. पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे टेम्पोतून टोमॅटो, कोथिंबीर घेऊन आलेला शेतकरी पाहा. त्याचा माल संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, आणि परत न्यायचा तर भाडे अंगावर पडते. नाशवंत माल हाच तेथे ओलीस! अशा शेतकऱ्याशी घेणारा कितीही गोड बोलला, त्याचे शेवटचे शब्द कितीही वेळा परत उच्चारले, तरी वेळ एकाच्याच बाजूने असतो. ही विद्या ज्याचा हात आधीच वर आहे त्यालाच शिकविली, तर आपण सुरीला धार लावून दिली एवढेच होईल. म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गात पहिला धडा ‘कसे बोलावे’ हा नसावा. ‘या व्यवहारात ओलीस कोण आहे’ हा असावा.

आणि घरे? तेथे बंदूक नसते, पण अन्नपाणी सोडणे असते, अबोला असतो, ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय सोसले’ असते. दहावीच्या निकालानंतर शाखा निवडताना, लग्नाचे स्थळ सांगून येताना, या शस्त्रांचा वापर किती घरांत होतो ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. ‘मुलीने होकार दिला’ असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. तिला ‘नाही’ म्हणता आले असते का, हे कोणी विचारत नाही. मौन म्हणजे संमती, असे आपण मानत आलो आहोत. ओलिसांच्या प्रकरणात मौनाचा असा अर्थ लावणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहणार नाही!

आपण तरुणही यात मागे नाही. एखादी मागणी पुढे आली की पहिल्याच दिवशी निर्वाणीचा इशारा द्यायचा आणि कोणाच्या तरी दालनाला घेराव घालायचा, ही आपली सवय. आतल्या माणसाने घामाघूम होऊन कागदावर सही केली की आपण गुलाल उधळतो, आणि महिन्याभराने तो कागद कोणी विचारीत नाही म्हणून संतापतो. वडगावचा तह आपण वर्गात वाचतो आणि व्हरांड्यात विसरतो.

तेव्हा ही विद्या आपण जरूर शिकावी. दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. उत्तरापूर्वी एकदा हुंकार द्यावा. पण या साऱ्याचा उपयोग समोरच्याला गुंडाळण्यासाठी करू नये. त्याला ‘नाही’ म्हणण्याची वाट मोकळी ठेवावी आणि मग त्याच्या ‘हो’ची वाट पाहावी. ओलीस सोडविणाऱ्यांचे काम दार उघडून घेण्याचे असते. बोलणी संपल्यावर आपण कोणाला मोकळे केले आणि कोणाला कोंडले, एवढे ज्याने स्वतःला विचारले त्याला वाटाघाटी आल्या असे म्हणावे.