वर चढणारी, खाली उतरणारी कॉफी

येमेनमधले सूफी 15 व्या शतकात रात्रीच्या जिक्रसाठी कॉफी घेत. रमजानमध्ये तरावीहनंतर आमच्याकडेही ती लागते, आणि हल्ली विजेच्या व्हॅक्यूम पॉटमध्ये होते.

खालच्या भांड्यात पाणी, वरच्यात कॉफी. पाणी तापले की वाफेचा दाब ते नळीतून वर ढकलतो. मग हीटर बंद होतो, खालची वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, पोकळी तयार होते आणि तयार कॉफी गाळणीतून खाली खेचली जाते. हे बघायला मुले ओट्याशी गर्दी करतात; खरे तर आम्हीही.

सगळी भिस्त दोन भांड्यांमधल्या रबरी रिंगवर. ती कडक झाली, चिरली की हवा शिरते आणि कॉफी वरच अडकून कडू होते. म्हणून ती रोज धुवावी. फिल्टर कॉफीची तयार पूड इथे नको. ती बारीक असते, पुष्कळदा चिकोरी मिसळलेली, त्यामुळे गाळणी तुंबते. बिया रव्याइतक्या जाडसर दळून घ्याव्यात. अर्ध्या लिटरला 30 ग्रॅम पुरे.

भगिनींनो, अमेरिकेतल्या नातलगांनी प्रेमाने पॉट पाठवला, तर तळाचा मजकूर आधी वाचा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. थेट लावला तर जळेल. एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. आमच्या मते असा पॉट सरळ शोकेसमध्ये ठेवावा.