आधी श्रवण, मग लेखन

आपल्या मुलास निबंध लिहिता येत नाही, अशी तक्रार पालकांच्या मुखातून वारंवार ऐकू येते. आणि त्यावर उपाय म्हणून तयार निबंधांचे जे पुस्तक बाजारात मिळते, ज्यास मुले 'गाइड' म्हणतात, ते त्याच्या हाती देण्यात येते. त्याचा परिणाम काय होतो, हे वह्या तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांत एकच पाऊस पडतो, एकच मोर नाचतो आणि एकच सहल निघते. उन्हाळ्यात पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलेला आपल्या तालुक्यातील मुलगाही 'पावसाळा' हा विषय दिला की कोकणातील हिरव्या डोंगरांचे वर्णन करू लागतो. लेखणी चालते खरी, परंतु तिच्यामागे तो स्वतः नसतो. ज्यास स्वतःचे एक वाक्य रचता येत नाही, त्यास उद्या पिकाच्या नुकसानीचा अर्ज करावयाचा झाला तर दुसऱ्याच्या दारी जावे लागेल, आणि तो जे लिहील त्याखाली सही करावी लागेल. तेव्हा हा प्रश्न केवळ गुणांचा नव्हे. आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडण्याचे सामर्थ्य मुलास येणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आमचे मत असे की, लेखन शिकविण्याचा एक अतिशय जुना व अतिशय स्वस्त मार्ग आपण सोडून दिला आहे. मुलास प्रथम एक लहानशी नीतिकथा ऐकवावी, ती त्याच्याकडून तोंडाने सांगवून घ्यावी, आणि मगच त्यास लिहावयास बसवावे, हा तो मार्ग होय.

हा विचार आमच्या पदरचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोम येथे क्विंटिलियन नावाचा थोर अध्यापक होऊन गेला. दाईच्या गोष्टी ऐकून मोठ्या झालेल्या मुलांना पुढे इसापाच्या कथा द्याव्यात. त्या त्यांनी आधी साध्या व शुद्ध भाषेत सांगाव्यात आणि नंतर तितक्याच साधेपणाने लिहाव्यात, असे त्याने आपल्या वक्तृत्वशिक्षणावरील ग्रंथात सुचविले आहे. चौथ्या शतकातील अफ्थोनियस या ग्रीक पंडिताच्या पुस्तकात रचनेचे चौदा क्रमवार पाठ आहेत. त्यांतील अगदी पहिला पाठ नीतिकथेचाच आहे. थिऑन नावाचा दुसरा अध्यापक तर असे सांगतो की, एकच कथा कधी विस्ताराने व कधी संक्षेपाने सांगावी, आणि एकाच कथेतून अनेक तात्पर्ये काढून पाहावीत.

हे परदेशचे झाले. आपल्या घरीही या मार्गाची काही वाण नाही. पंचतंत्राची मूळ कल्पनाच पाहा. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्म्याने केली, आणि ती त्याने शास्त्रग्रंथांचे पाठांतर करवून नव्हे, तर पशुपक्ष्यांच्या कथा सांगून पुरी केली. आपल्या मराठवाड्याकडे वळावे, तर तेराव्या शतकात पैठण व गोदातीरी संचार करणाऱ्या श्रीचक्रधरांनी आपले तत्त्वज्ञान लोकांच्या रोजच्या भाषेत, घरगुती दृष्टान्तांनी समजाविले. केशिराजबासांनी असे ११४ दृष्टान्त 'दृष्टान्तपाठ' या ग्रंथात एकत्र केले. त्या ग्रंथाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. आधी सूत्र, म्हणजे सांगावयाची गोष्ट थोडक्यात. मग दृष्टान्त, म्हणजे कथा. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या कथेचा मूळ मुद्द्याशी असलेला संबंध. याहून चांगला निबंधाचा आराखडा कोणते 'गाइड' देणार आहे? आणि विशेष हे की, हे सारे आधी बोलले गेले, ऐकले गेले, आणि मग लिहिले गेले. मराठी गद्याचे हे आरंभीचे धन कानांच्या वाटेनेच कागदावर आले.

पुढे छपाईची कला आली, तेव्हाही मुलांसाठी प्रथम आठवण झाली ती नीतिकथांचीच. तंजावरास सरफोजीराजांच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इसापाच्या कथा 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या गेल्या; आणि मुंबईस १८२८ साली सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांची 'इसापनीतिकथा' प्रसिद्ध झाली. मराठी शाळांतील मुलांच्या कित्येक पिढ्या या कथांवर वाढल्या.

आता कोणी विचारील की, कोल्हा आणि द्राक्षे यांच्या गोष्टीत लेखनकला ती काय? तर त्या गोष्टीत काय नाही ते आधी पाहावे. कोल्ह्याचा रंग नाही, बागेचा मालक नाही, हवा कशी होती तेही नाही. भूक आहे, उंचावरचा घड आहे, फसलेल्या उड्या आहेत आणि जाता जाता काढलेले उद्गार आहेत. जे नसले तर गोष्ट कोसळेल, तेवढेच तीत ठेवलेले आहे. अनावश्यक ते गाळावे, एका वाक्यातून दुसरे वाक्य कारणाने निघावे, आणि पात्राचा स्वभाव वर्णनाने न सांगता त्याच्या तोंडून प्रगट करावा, हे तीन धडे ही चार ओळींची कथा देते. मोठ्या कथेत हेच धडे असतात, परंतु मुलाच्या आटोक्यात येत नाहीत.

परंतु कथा ऐकावयाचीच का? पुस्तकातून वाचून का चालणार नाही? याचे उत्तर असे की, पुस्तक समोर उघडे असले म्हणजे डोळा शब्द उचलतो आणि हात ते उतरवितो. मधल्या मध्ये मनास काही कामच उरत नाही. ऐकलेल्या कथेचे शब्द हवेत विरून जातात, मागे अर्थ तेवढा राहतो. त्या अर्थाला वस्त्र द्यावयाचे तर मुलास स्वतःचेच शब्द शोधावे लागतात. नक्कल करावयास जेथे काही उरत नाही, तेथेच लेखनाचा आरंभ होतो.

आपल्या भागात या गोष्टीस आणखी एक महत्त्व आहे. आपल्याकडे कित्येक मुलांच्या घरी गोरमाटी बोलली जाते, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी उर्दू. आणि ज्यांच्या घरी मराठी आहे, त्यांचीही मराठी पुस्तकी नसून मराठवाडी आहे. अशी मुले लिहावयास बसली की आपल्या बोलीची त्यांस लाज वाटते, आणि म्हणून ती उसनी भाषा धुंडाळतात. कथा सांगताना ही लाज गळून पडते. मुलाने कथा आधी आपल्या बोलीत खुशाल सांगावी; प्रमाण मराठीत ती लिहिणे ही त्यापुढची पायरी होय. बोलण्यातला जिवंतपणा लेखनास कमीपणा आणतो, असे कोणी समजू नये. लक्ष्मीबाई टिळकांना लहानपणी शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. तरी १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आज मराठीचे भूषण ठरली आहेत, ती त्यांतील घरगुती, सांगितल्यासारख्या भाषेमुळेच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' हीही रोज रात्री सांगितलेल्या गोष्टींच्याच रूपाने मांडलेली आहे.

पालक म्हणतील, "गोष्टी सांगावयास घरी आजी कोठे आहे? आणि दिवसभर राबून आल्यावर आम्हांस सवड कोठली?" ही अडचण खरी आहे. सुदैवाने आज ध्वनिमुद्रित कथा घरोघरी ऐकता येतात. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद होत्या, त्या वेळी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम मुलांपर्यंत पोहोचविण्यात आला. जे काम तेव्हा रेडिओने केले, ते आज मोबाईलही करू शकतो. मात्र कथा ऐकावयाची असावी, पाहावयाची नसावी. कारण कोल्हा पडद्यावर दिसला की मनातला कोल्हा पळून जातो. आणि दुसरे असे की, यंत्र सांगते पण थांबत नाही. "मग पुढे काय झाले असेल?" असे आजी विचारी, तसे ते विचारीत नाही. हे काम पालकांनी करावे. शेवट येण्यापूर्वी कथा थांबवावी आणि उरलेली मुलाकडून वदवून घ्यावी. यास लिहितावाचता येणे लागत नाही. प्रेमाने ऐकणे पुरे होते.

तात्पर्याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कथेच्या शेवटी तयार तात्पर्य देण्याची आपली रीत आम्हांस पसंत नाही. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला पाहा. तेथे प्रभू येशू आपण निष्कर्ष काढीत नाहीत. या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे ऐकणाऱ्यासच विचारतात आणि उत्तर त्याच्याच मुखातून येते. तहानलेला कावळा आणि घागर ही गोष्ट ऐकून एक मूल म्हणेल, युक्तीने काम होते. दुसरे म्हणेल, घागरीत थोडे का होईना पाणी होते म्हणून युक्ती चालली, ती कोरडी असती तर खड्यांनी काय केले असते? दुष्काळ पाहिलेल्या प्रदेशातील मुलाचे हे उत्तर चुकीचे नाही. ते त्याचे स्वतःचे आहे, आणि त्याच्या पहिल्या खऱ्या निबंधाचे बीज त्यातच आहे.

या साऱ्यात परीक्षेचा वेळ फुकट जाईल, ही भीती अनाठायी होय. शालान्त परीक्षेच्या मराठी विषयात कथालेखन व सारांशलेखन यांचा अभ्यास असतोच, आणि ऐकलेली कथा विस्ताराने व संक्षेपाने सांगण्याची सवय ही त्याचीच तयारी आहे. ऐकलेली कथा पुन्हा लिहिणे हेही अनुकरणच, असा आक्षेप कोणी घेतील. तो खरा आहे. परंतु ही शिडीची पहिली पायरी आहे, माडी नव्हे. दुसऱ्या पायरीवर तीच कथा कावळ्याच्या तोंडून सांगावी. तिसऱ्या पायरीवर ती आपल्या आठवडी बाजारात घडली असे कल्पून लिहावी. आणि चौथ्या पायरीवर स्वतः ऐकलेली, अद्याप कोणी न लिहिलेली हकीकत लिहावी.

विद्यार्थीमित्रांनो, अशा हकीकतींची आपल्या गावी उणीव नाही. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात, जानेवारी १९४८ मध्ये, स्वातंत्र्यसैनिकांनी याच उमरीच्या बँकेवर छापा घातला होता. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. त्या काळी दहा वर्षांची असलेली माणसे आज नव्वदीच्या जवळ पोहोचली आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत असतील, तर या सुटीत त्यांच्यापाशी जाऊन बसा. त्यांनी काय पाहिले, काय ऐकले, ते त्यांस विनयाने विचारा. वही मिटलेली ठेवा आणि आधी नीट ऐका. मग घरी येऊन लिहा. तो निबंध कोणत्याही 'गाइडा'त सापडणार नाही.