उमेदवारी कुणाची, सही कुणाची?



ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत गावातील एखादा वजनदार गृहस्थ येतो आणि म्हणतो, “राखीव जागेसाठी तुमचा एक माणूस द्या. कागदपत्रांचे, खर्चाचे आम्ही पाहतो.” हे बोलणे ऐकावयास गोड वाटते. परंतु ज्याचा अर्ज दुसऱ्याने भरला, त्याची सही पाच वर्षे दुसऱ्याच्याच कामी येते, हा अनुभव आता कोणत्या तालुक्यास नवा आहे?

गावच्या सभेतील मताचे मोल महाडने आपणांस शिकविले आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. त्यास अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले वाडवडील ते पाणी प्याले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. पुढे हा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. १९३२ साली ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना अस्पृश्यांस स्वतंत्र प्रतिनिधित्व हवेच, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला तो उगाच नव्हे.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तो हक्क राज्यघटनेत आला. अनुसूचित जातींस लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि सरपंचपदेही राखीव झाली. महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते. ती वस्तीच्या नळावर, गटारावर, स्मशानभूमीच्या वाटेवर खर्च होते की कागदावरच राहते, हे पाहणारा आपला माणूस तेथे बसावयास नको काय?

दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस येथे एक भीती घातली जाते: “बौद्ध लिहाल तर राखीव जागेस मुकाल.” ही भीती आज निराधार आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्म स्वीकारणाऱ्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीस तिच्या सवलती कायम राहिल्या. धर्म बौद्ध आणि मूळ जात अनुसूचित, या दोन्ही गोष्टी कायद्यास एकाच वेळी मान्य आहेत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जुना धर्म असला तर तो लपवू नका. तो दाखला तुमच्या मूळ जातीचा पुरावा आहे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा असेल तर त्यास विशेष मोल आहे. जागेच्या लोभाने स्वतःचा धर्म खोटा लिहिण्याचे कारण उरलेले नाही.

मात्र पुरावा वेळेवर हवा. राखीव जागेच्या अर्जास जातीचे प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेसाठी शासनाने वेळोवेळी मुदत दिली. ती उलटली तेव्हा निवडून आलेल्यांचीही पदे गेली. जिल्हा पडताळणी समितीकडे प्रकरण कित्येक महिने चालते. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. मतदारयादीत नाव आहे ना, वयाची २१ वर्षे पूर्ण आहेत ना, घरपट्टी-पाणीपट्टीची पावती जवळ आहे ना, हे आजच पाहा. मागणीचे बिल हाती आल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा अपात्र ठरतो. दोनपेक्षा अधिक अपत्यांची आणि शौचालयाचीही अट आहे.

सर्वांत जपावयाचे ते अतिक्रमणाचे प्रकरण. आपल्यापैकी कित्येकांची घरे गायरानावर, गावठाणाबाहेरच्या सरकारी जमिनीवर उभी आहेत. गावाने दुसरीकडे जागा दिलीच कोठे होती? परंतु कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. तेव्हा घर नियमित करून घेण्याचा अर्ज आधी, उमेदवारी मागाहून. हा अर्ज तुमच्यासाठी कोणी वजनदार गृहस्थ करणार नाही. विरोधक मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी उभा असेल.

आणखी एक गोष्ट. राखीव जागा हे आपले कुंपण नव्हे. सर्वसाधारण जागेवरही उभे राहण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे. राखीव जागेसाठी मात्र एकाच वस्तीतून चार अर्ज भरू नका. विहारात बसा, उघड चर्चा करा, कामाचा माणूस निवडा. स्त्रीची जागा असेल तर शिकलेली, बोलती भगिनी उभी करा आणि सभेत तिच्या खुर्चीवर तिच्या पतीस बसू देऊ नका.

उमेदवाराकडून एकच वचन घ्या: ठराव वाचल्यावाचून सही करणार नाही आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. दीक्षा घेताना आपण कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. मग गावाच्या कारभारात बसण्यासाठी ती का पाहावी?

जय भीम.