कपाटाची किल्ली कोणाकडे?

आमच्या सल्ला केंद्रात एक लोखंडी कपाट आहे. त्यात बायकांच्या केसपेपरच्या फायली असतात. एक किल्ली ताईंकडे, दुसरी माझ्याकडे. एम.एस.डब्ल्यू. करून मी इथे कामाला लागले तेव्हा ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "जेवायला उठलीस तरी फाईल टेबलावर उघडी टाकायची नाही." केसवर्कच्या तासाला फेलिक्स बिस्टेकची सात तत्त्वे मी पाठ केली होती. त्यातले सातवे गोपनीयतेचे. परीक्षेत ते लिहिले होते, पण कळले या कपाटापाशी.

पुढे नोंदी केंद्रातल्या संगणकावर आल्या, आणि गेल्या वर्षी हा सगळा डेटाबेस इंटरनेटवरच्या होस्टिंग खात्यात हलवायचे ठरले. कारणे खरी होती. तालुक्याच्या शाखेत येऊन गेलेली बाई शहरात आली की तिला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे. नवऱ्याने कसे मारले हे तिसऱ्यांदा सांगायला लावणे हासुद्धा एक छळच आहे. शिवाय संगणक जुना. हार्ड डिस्क बसली असती तर इतक्या वर्षांचे काम गेले असते. म्हणून मी या बदलाच्या विरोधात नव्हते. आजही नाही.

ओळखीच्या एका मुलाने हे काम फुकट करून दिले. रीत अशी असते: आपल्या संगणकावरच्या साऱ्या नोंदींची एक मोठी फाईल काढायची, ती होस्टिंगच्या खात्यात चढवायची आणि तिथल्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरायची. पहिल्या खेपेला मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आली, कारण दोन्हीकडची अक्षरांची मांडणी जुळत नव्हती. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या नोंदी तर वाचताच येईनात, त्या आधी युनिकोडमध्ये बदलाव्या लागल्या. दोन-तीन खेपांनंतर जमले. आम्ही पेढे वाटले.

दोन दिवसांनी लक्षात आले की या खटपटीत चढवलेली एक फाईल वेबसाइटची पाने असतात त्याच फोल्डरमध्ये राहून गेली आहे. वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिचे नाव टाइप केले की ती कोणालाही, पासवर्डशिवाय उतरवून घेता येत होती. त्यात नावे होती, फोन होते, माहेरचे पत्ते होते, कोण कुठे आसऱ्याला आहे तेही होते. आमच्याकडची एक बाई जीव वाचवून दुसऱ्या जिल्ह्यात राहते. तिचा नवरा अधूनमधून केंद्रात येतो आणि ती कुठे आहे म्हणून दरडावतो. आम्ही तोंड उघडत नाही. तिचा पत्ता दोन दिवस उघड्यावर होता!

फाईल तत्काळ काढली. सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या, आमच्याखेरीज कोणी ती उघडल्याचे दिसले नाही. हे त्या बाईला सांगायचे का, यावर बैठकीत दोन मते पडली. उगाच घाबरवू नये, असे काहींचे म्हणणे. माझे म्हणणे, जीव तिचा, मग माहितीही तिची. शेवटी सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला न विचारता लिहिलंतच कशाला?"

यात त्या मुलाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. "संगणकातले आम्हांला काय कळते" म्हणत आम्हीच किल्ली त्याच्या हातात ठेवली. कायद्याच्या बाबतीत आपण असे म्हटले होते का? १९७८ साली मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, तेव्हा कायदा हा वकिलांचा प्रांत म्हणून बायका घरी बसल्या नाहीत. त्या आंदोलनानंतर १९८३ साली कायदा बदलला. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला तो त्याच बदलात. आज भारतीय न्याय संहितेत ती तरतूद कलम ७२ मध्ये आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे आपल्यासारख्या संस्थांवरही.

म्हणून माझे म्हणणे असे, की डेटाबेस हलवणे हे तांत्रिक काम नंतरचे, आधी तो संघटनेचा निर्णय आहे. काय चढवायचे आणि काय नाही, हे कार्यकर्त्यांनी बैठकीत ठरवावे. नोंद नावाने नव्हे, क्रमांकाने जावी. नाव-पत्त्याची वही कपाटातच राहावी. होस्टिंगचे खाते संस्थेच्या नावावर असावे, कोणा स्वयंसेवकाच्या खाजगी ईमेलवर नको. पासवर्ड व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नये. प्रत्येकीचा प्रवेश वेगळा असावा आणि काम सोडणारीचा त्याच दिवशी बंद व्हावा. आधी दहा खोट्या नोंदी करून हलवून पाहाव्यात. काम झाल्यावर चढवलेली फाईल पुसावी, आणि पुसली की नाही ते दुसरीने तपासावे. जपून ठेवायची प्रत कुलूपबंद, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी असावी. यातले काहीही स्वयंपाकापेक्षा अवघड नाही. मी शिकले, तुम्हीही शिकाल.

आणि सर्वांत आधी, जिची नोंद आहे तिला विचारावे. आता मी प्रत्येकीला विचारते, "ताई, हे इंटरनेटवरच्या कपाटात ठेवायचे आहे, चालेल का?" परवा एका मावशींनी उलट विचारले, "ते कपाट हाय कुठल्या गावात? अन् किल्ली कोनाकडं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. होस्टिंग घेताना ते आम्ही कोणाला विचारलेच नव्हते. त्यांची नोंद कागदावरच राहिली.

मैत्रिणींनो, तुमच्या केंद्रातल्या नोंदी कुठे आहेत? किल्ली कोणाकडे आहे? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या, आणि काय ठरले ते आम्हांला कळवा.