काळ्या मेंदीचा काळा व्यवहार

दिवाळी तोंडावर आली, की घराघरांत फराळाच्या जोडीने आणखी एक उद्योग सुरू होतो. पण चकलीसारखा तो कोणी मिरवीत नाही. न्हाणीघराची कडी आतून लागते, एक जुना टॉवेल खांद्यावर येतो, आणि अर्ध्या तासाने घरातली वडीलधारी मंडळी दहा वर्षांनी धाकटी होऊन बाहेर पडतात. या कलपाची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मला ती मुळीच मान्य नाही. दात पडले तर कवळी बसवावी, नजर मंदावली तर चष्मा लावावा, आणि केस पिकले तर मात्र मुकाट्याने वार्धक्य पत्करावे, हा कुठला न्याय? ‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे ज्यांना ऐकवायचे आहे त्यांनी ते खुशाल पांढरे ठेवावेत. ज्यांना काळे करायचे आहेत त्यांनी ते करावेत. माझे भांडण कलपाशी नाही. कलपाला मेंदी म्हणून विकणाऱ्यांशी आहे.

मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते केसांतल्या केरॅटिन या प्रथिनाला चिकटते आणि तांबूस, नारिंगी रंग देते. लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, चहाचे पाणी घाला, काताची पूड घाला. रंग थोडा गडद होईल, तपकिरीकडे झुकेल. पण पांढऱ्या केसावर तो कोळशासारखा काळा व्हायचा नाही. झाडपाल्याचाच काळा रंग हवा असेल, तर मेंदी धुऊन तिच्यावर निळीच्या पाल्याची पूड लावावी लागते, आणि त्यात अर्धा दिवस जातो. मग अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी ही ‘काळी मेंदी’ कोणत्या झाडाला लागते?

ती झाडाला लागत नाही. ती डांबराच्या कुळातली आहे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने लंडनमध्ये डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढला, आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्यूलेरने त्याच घराण्यातला केसांचा कलप तयार केला. आजच्या झटपट काळ्या कलपात, मग त्याच्या पुडीवर पानाफुलांची कितीही चित्रे असोत, बहुधा पॅराफिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, असते. त्याचे बारीक कण केसात शिरतात, तिथे ऑक्सिजनशी संयोग पावून मोठे व काळे होतात, आणि आतच अडकून बसतात. म्हणूनच हा रंग धुतल्याने जात नाही. युक्ती अचाट आहे. तिचे श्रेय मेंदीच्या झाडाला कशाला?

‘नावात काय आहे?’ असे कोणी म्हणेल. नावात सावधगिरी आहे! पीपीडी काही जणांच्या कातडीला मानवत नाही. डोके खाजते, लस येते, पापण्या सुजून डोळे मिटतात. एकदा शरीराने वैर धरले, की ते सहसा जन्मभर टिकते, आणि पुढच्या खेपेला त्रास वाढतो. ‘आम्ही वीस वर्षे लावतो, काही झाले नाही’ हे उत्तर म्हणूनच लंगडे; हे वैर एकविसाव्या वर्षीही उत्पन्न होऊ शकते. ‘आमच्यात अमोनिया नाही’ ही जाहिरातही फसवी. अमोनियाचे काम केसाचे खवले उघडण्याचे. तो काढला म्हणून पीपीडी गेले असे होत नाही.

अमेरिकेत १९३३ च्या सुमारास असल्याच द्रव्याचा पापण्यांचा रंग विकला गेला आणि काही बायकांचे डोळे गेले. त्या आक्रोशाचाही १९३८ च्या तिथल्या नव्या कायद्याला हातभार लागला. आपल्याकडचा नियमही सांगतो, की अशा कलपावर इंग्रजीत व स्थानिक भाषेत इशारा छापावा: आधी कानामागे थोडा लावून पाहा, भुवया-पापण्यांना कदापि लावू नका. पण ज्याला आपण मेंदी लावतो आहोत असे वाटते, तो कानामागे कशाला लावून पाहील? मेंदी तर आजीही लावीत होती! खोट्या नावाने पहिली चोरी होते ती या सावधपणाची.

याहून मला चीड येते ती मुलींच्या हातांवर काढल्या जाणाऱ्या काळ्या मेंदीची. जत्रेत, लग्नात, सणाला तासाभरात काळीकुट्ट रंगणारी नक्षी पाहून आया खूश होतात. केसांसाठी असलेले द्रव्य कोवळ्या कातडीवर थेट चोपडले जाते, आणि आठ वर्षांच्या पोरीला हातावर फोड येतात व जन्माची ॲलर्जी आंदण मिळते.

आणि केशकर्तनालयातला तो पोरगा? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली, आणि पुन्हा २०१० साली, केशकर्तनाच्या धंद्यातील संपर्काला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांबद्दल मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. गिऱ्हाइकाने घाबरून जाऊ नये. पण उघड्या हातांनी दिवसभर कलप कालवणाऱ्या पोराला हातमोजे मालकाने द्यायला नकोत काय?

तेव्हा कलप लावा, पण डोळे उघडे ठेवून. दर खेपेला दोन दिवस आधी कानामागे लावून पाहा. केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतात. म्हणून पुढच्या वेळी मुळांपुरताच लावा, सबंध केस पुन्हा पुन्हा रंगवून त्यांचा काथ्या करू नका. रंगवल्यावर दोन दिवस डोके धुऊ नका, कढत पाणी टाळा, आणि न्हाण्याआधी खोबरेल लावा.

आणि दुकानदाराने ‘काळी मेंदी’ पुढे केली, तर पुडी उलटी करून बारीक अक्षरे मोठ्याने वाचा. त्याला ऐकू जाईल अशी. शेजारच्या गिऱ्हाइकालाही.